एफएससीके

एफएससीके : यंत्र अकस्मात बंद पडल्यामुळे अथवा तबकडी निकामी होऊ लागल्यामुळे ज्या फाइलप्रणालीच्या नोंदी परस्परांशी जुळेनाशा झाल्या, तिची तपासणी व दुरुस्ती करणारी युनिक्स-लिनक्स परंपरेतील आज्ञा. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत हे काम आयचेक, डीचेक अशा सुट्या आज्ञांकडे असे. बेल प्रयोगशाळेतील टी. जे. कोवाल्स्की यांच्या एफएससीकेने ते एकत्र आणले. लिनक्सवरील एफएससीके स्वतः काही तपासत नाही; प्रणालीचा प्रकार ओळखून ती त्या त्या तपासनिसाला पाचारण करते. एक्स्ट कुळातील फाइलप्रणालींचा तपासनीस ई२एफएससीके.

त्याची तपासणी पाच फेऱ्यांत चालते. पहिलीत प्रत्येक आयनोड (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) व त्याच्या नावे लावलेले ब्लॉक पाहिले जातात आणि एकाच ब्लॉकवर दोघांचा दावा असल्यास तो उघडकीस येतो. पुढे डिरेक्टऱ्यांची रचना, मूळ डिरेक्टरीशी त्यांचा संबंध, दुव्यांची संख्या व अखेरीस मोकळ्या जागेचा हिशेब. कोणत्याच डिरेक्टरीत नोंद न उरलेला बेवारस आयनोड 'लॉस्ट+फाउंड'मध्ये केवळ क्रमांकाने दाखल होतो. येथे निक्षून सांगावयास हवे, की ही आज्ञा दप्तराचा ताळा जमविते, मजकुराची हमी देत नाही. किंबहुना ताळा जमावा म्हणून ती प्रसंगी आयनोडच पुसून टाकते.

म्हणूनच, माउंट केलेल्या प्रणालीवर, जेथे कर्नेल आपल्या स्मृतीतील नोंदींवर विसंबून लिहीत असतो, तेथे दुरुस्ती कदापि करू नये. प्रथम 'एन' विकल्पाने काहीही न लिहिता अहवाल घ्यावा. तबकडीविषयीच शंका असल्यास डीडीरेस्क्यूने प्रत काढून त्या प्रतीवर दुरुस्ती करावी. सरसकट होकार देणारा 'वाय' सर्वांत शेवटी. प्रणालीची मूलभूत माहिती ठेवणारा सुपरब्लॉक नष्ट झाल्यास ४ किलोबाइट ब्लॉकांच्या प्रणालीत त्याची राखीव प्रत बहुधा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर सापडते व 'बी' विकल्पाने तिचा आधार घेता येतो.

मूळ विभागच बिघडला, तर डेबियनसारख्या वितरणात इनिट्रॅमएफएस या आरंभीच्या तात्पुरत्या प्रणालीतील बिझीबॉक्स या आज्ञासंचाचा छोटा शेल तेवढा हाती उरतो. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी एका फ्लॉपीत मावावा म्हणून रचलेल्या या संचातील एफएससीकेही केवळ मध्यस्थ असल्याने खरा तपासनीस आधीच सोबत ठेवण्याची तजवीज करावी लागते. निकाल आज्ञेच्या निर्गम-अंकावरून कळतो : ० म्हणजे निर्दोष, १ म्हणजे दुरुस्त, ४ म्हणजे दोष शिल्लक. एक्सएफएस या फाइलप्रणालीच्या बाबतीत मात्र ही आज्ञा सहसा काहीही न तपासता ० कळविते. तेथे एक्सएफएस-रिपेअर ही स्वतंत्र आज्ञाच चालवावी लागते.