‘कवितेची रात्र’ : तळटीप

* कवितेची रात्र : हे कविसंमेलन नव्हे आणि प्रवचनही नव्हे. पाठ केलेली कविता हावभावांसह म्हणण्याची ही रीत जुनीच. पण मार्क स्मिथ यांनी १९८६मध्ये शिकागोच्या ‘ग्रीन मिल’ या जॅझ क्लबात सुरू केलेल्या ‘स्लॅम’ स्पर्धांमुळे ती फोफावली. तिथे श्रोत्यांतलेच परीक्षक गुण देतात. हीच रीत ख्रिस्ती मंचावर आली की गुणांऐवजी ‘आमेन’ मिळते, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या उपदेशाची लय कानाला जाणवते. अशा ख्रिस्ती कवींपैकी जेफरसन बेथ्की यांच्या कवितेची चित्रफीत जानेवारी २०१२मध्ये गाजली, वादही झाले. मराठी वाचकाला इथे रेव्हरंड टिळकांची ख्रिस्ती कीर्तने आठवतील. साम्य आहे, पण वरवरचे : कीर्तनकार आख्यान लावतो, या मंचावरचा कवी बहुधा स्वतःच्याच आयुष्याची साक्ष देतो. — संपा.