खिशातला आणि गळ्यातला

कॅमेऱ्यातलं थोडंफार कळतं अशी ऑफिसात एकदा ख्याती झाली की दर दिवाळीच्या सेलला तोच मेसेज येतो. "मिररलेस घेऊ की छोटा कॉम्पॅक्ट?" सोबत दोन लिंक आणि एक स्क्रीनशॉट, त्यात मेगापिक्सेल, आयएसओ आणि वजन यांचं कोष्टक. मी इंजिनिअर आहे, कोष्टकं मलाही आवडतात. पण या प्रश्नाचं अर्धं उत्तरच तिथे सापडतं. उरलेलं अर्धं शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, कारण हा वाद मिररलेस हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

जून १९२४. एव्हरेस्टवर ब्रिटिश मोहीम. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन शेवटच्या तळावरून शिखराकडे निघाले. मोहिमेचा अधिकृत छायाचित्रकार जॉन नोएल खाली दूरवर तयारीत बसला होता. त्याच्याकडे सिने कॅमेरा होता, २० इंची टेलिफोटो लेन्स होती, सामान वाहायला माणसं होती. त्या काळात मिळू शकणारं सगळं होतं म्हणा ना. पण ढग आले आणि शिखर झाकलं गेलं.

मॅलरीच्या खिशात दुसरा कॅमेरा होता. त्याचा सहकारी हॉवर्ड सॉमरव्हेल याने स्वतःचा व्हेस्ट पॉकेट कोडॅक त्याला दिला होता. १९१२ साली बाजारात आलेलं हे घडीचं मॉडेल. मिटलं की कोटाच्या आतल्या खिशात मावायचं. पहिल्या महायुद्धात कितीतरी सैनिकांनी ते आघाडीवर नेलं होतं. लेन्स साधी, सोयी जवळजवळ शून्य.

मॅलरी आणि आयर्विन परत आलेच नाहीत. १९९९ मध्ये मॅलरीचा मृतदेह सापडला, त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता. २०२४ मध्ये आयर्विनचा पाय सापडला, मोज्यावर त्याच्या नावाची पट्टी शिवलेली होती. कॅमेरा तेव्हाही नाही. हिलरी आणि तेनसिंग यांच्या २९ वर्षं आधी कुणी एव्हरेस्टवर पोचलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर अजूनही त्या हरवलेल्या खिशातल्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवर असू शकतं. नोएलची लेन्स कितीही भारी असली तरी ती तिथे जाऊ शकत नव्हती. इथे कोष्टक संपतं.

एक गंमत म्हणजे त्या छोट्या कोडॅकची निगेटिव्ह साधारण ४ बाय ६.५ सेंटिमीटरची, म्हणजे आजच्या फुल फ्रेम सेन्सरच्या जवळपास तिप्पट क्षेत्रफळाची. तेव्हा छोटा कॅमेरा म्हणजे छोटी निगेटिव्ह असं समीकरण नव्हतं. कॅमेरा घडी घालून छोटा व्हायचा, बस.

ते समीकरण जुळवलं दम्याने. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला डोंगरात भटकून फोटो काढायची हौस, पण काचेच्या प्लेटा, ट्रायपॉड आणि अवजड कॅमेरा पाठीवर घेऊन चढ चढला की धाप लागायची. १९१३-१४ च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म घेतली, आडवी फिरवली आणि सिनेमाची १८ बाय २४ ची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ केली. आपण आज ज्याला 'फुल फ्रेम' म्हणून मान देतो ती चौकट हीच. म्हणजे व्यावसायिकांचं आजचं मोठं माप हे मुळात एका दमेकऱ्याने शोधलेलं छोटं माप आहे. मधे युद्ध झालं, आणि लायका बाजारात आला १९२५ मध्ये.

या पहिल्या लायकात आरसा नव्हता. लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली आणि आत ढकलता येणारी. म्हणजे आजच्या भाषेत तो मिररलेसही होता आणि कॉम्पॅक्टही. १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा लायका आला आणि तिथे दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर बदलत्या लेन्सा, दुसऱ्या वाटेवर एकच लेन्स, पण खिशात.

मग आरसा कशाला आला? कारण लेन्सला जे दिसतं तेच डोळ्याला दिसावं ही इच्छा. एसएलआरमध्ये फिल्मपुढे ४५ अंशात तिरका आरसा असतो, तो लेन्समधून आलेला प्रकाश वरच्या व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. १९३६ मध्ये ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाने ही रचना ३५ मिलिमीटरमध्ये आणली, १९५९ च्या निकॉन एफने ती जगभरच्या वार्ताहरांच्या गळ्यात अडकवली.

या सोयीची किंमत जागेत मोजावी लागली. आरसा हलायला मोकळी पोकळी हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब बसवावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफमध्ये ४४. मोठ्या फोकल लेंग्थच्या लेन्सला याचं काही वाटत नाही. पण २१ मिलिमीटरच्या वाइड लेन्सला फिल्मच्या अगदी जवळ जायचं असतं, आणि मधे आरसा! निकॉन एफसाठी निघालेली अशी एक लेन्स लावायची तर आरसा वर अडकवून ठेवावा लागे आणि बघायला वेगळा व्ह्यूफाइंडर लावावा लागे. म्हणजे ज्या सोयीसाठी आरसा आणला, तीच गेली. नंतर वाइड लेन्स लांब अंतरावरून काम करतील अशा रचना रूढ झाल्या, पण त्यात काच वाढली, वजनही वाढलं.

दुसऱ्या वाटेवर याच काळात ऑलिंपसचा योशिहिसा मैतानी काम करत होता. १९५९ मध्ये, म्हणजे निकॉन एफच्याच वर्षी, त्याचा ऑलिंपस पेन आला. यात फुल फ्रेमच्या निम्मी चौकट, म्हणून ३६ च्या रोलवर ७२ फोटो. रोल आणि धुलाईचा खर्च मोजून-मापून करणाऱ्या घरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मग १९७९ मध्ये त्याचा एक्सए. पूर्ण ३५ मिलिमीटरची चौकट, वजन सव्वादोनशे ग्रॅम, लेन्सवर सरकतं झाकण. झाकण उघडलं की कॅमेरा तयार, मिटलं की खिशात. कव्हर, पट्टा, लेन्स कॅप, काही नाही. लेन्स कधीच बदलायची नसल्यामुळे मैतानीला ती शरीराच्या आतच, हवी तशी, फिल्मला चिकटवून आखता आली. कॉम्पॅक्टचं खरं बळ इथे आहे, आणि स्पेक्सच्या कोष्टकात त्याला रकाना नाही.

आमच्या घरच्या अल्बममध्येही या दोन वाटा दिसतात. लग्नमुंजींचे फोटो फोटोग्राफरच्या एसएलआरमधले. सगळे रांगेत उभे, फ्लॅश पडलेला, आजीच्या चेहऱ्यावर 'संपलं का एकदाचं' असा भाव. आजी विळीवर कैऱ्या चिरतानाचा फोटो मात्र काकाच्या रोलवाल्या छोट्या कॅमेऱ्यातला. थोडा हललाय, कोपऱ्यात कुणाचा तरी कोपर आलाय. आजी कशी होती हे मला त्यात दिसतं. कैऱ्या चिरायला कोणी फोटोग्राफर बोलावत नाही.

डिजिटल आल्यावर मात्र कॉम्पॅक्टने आपलं बळ गमावलं. मोठा सेन्सर महाग, म्हणून छोट्या कॅमेऱ्यांत साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचे सेन्सर बसू लागले. क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. वर मेगापिक्सेलची शर्यत. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यांत बहुतेक कॉम्पॅक्ट. २०२३ मध्ये सगळे कॅमेरे मिळून ८० लाखसुद्धा भरले नाहीत. फोनने कॉम्पॅक्ट खाल्ला असं म्हणतात ते खरंच आहे, पण तेवढाच सेन्सर असलेली दुसरी वस्तू आधीच खिशात आल्यावर वेगळं काय होणार होतं?

त्याच सुमारास पहिल्या वाटेवर आरसा काढून टाकला गेला. २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ आला. सेन्सर जे बघतो ते थेट छोट्या पडद्यावर दिसू लागलं, मग आरसा हवाच कशाला? माउंटचं अंतर २० मिलिमीटरच्या आसपास आलं. २००९ मध्ये ऑलिंपसने पेनच्या पन्नाशीचं निमित्त साधून ई-पी१ हा मिररलेस काढला. त्याच जुलैत मैतानी गेला.

मिररलेसचं पहिलं वचन होतं 'लहान होणार'. शरीर झालंही. लेन्स मात्र आरशामुळेच मोठी होती असं नाही. फुल फ्रेम सेन्सर झाकायचा, भरपूर प्रकाश घ्यायचा, तर तेवढी काच लागतेच. कॅननची डीएसएलआरसाठीची २४-७० एफ २.८ लेन्स ८०५ ग्रॅमची. मिररलेससाठीची तशीच आरएफ लेन्स ९०० ग्रॅमची! आत हात स्थिर ठेवणारी यंत्रणा वाढली हे खरं, आणि चित्रही उत्तम येतं. पण गळ्यावरचा भार कमी झाला नाही. मिररलेसने अचूक फोकस दिला, पक्ष्याचा डोळा पकडून ठेवणारा फोकस, आवाज न करता सेकंदाला वीस-वीस फोटो. ताडोब्याला जाणाऱ्याला, लग्नं करणाऱ्याला, मुलीचे कबड्डीचे सामने टिपणाऱ्या बापाला मी बिनदिक्कत मिररलेस सांगतो.

बाकीच्यांना मी विचारतो, लेन्स किती वेळा बदलणार? उत्तर 'एकच किट लेन्स' असं आलं, तर हिशेब कॉम्पॅक्टकडे झुकतो. कारण फोनचा मार खाऊन कॉम्पॅक्ट सुधारला. २०१२ च्या सोनी आरएक्स१०० मध्ये '१ इंची' सेन्सर आला. (त्याची कुठलीच बाजू १ इंच नाही. १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या व्यासावरून आलंय, आणि विक्रेत्यांना ते सोडवत नाही.) रिकोच्या जीआर ३ मध्ये तर मिररलेसमध्ये असतो तसा एपीएस-सी सेन्सर आहे, वजन बॅटरीसकट २५७ ग्रॅम, झूम नाही. बार्नाक आणि मैतानी दोघांनीही तो हातात घेतल्याबरोबर ओळखला असता.

फक्त आता तो स्वस्त राहिलेला नाही. फुजीचा एक्स१००व्हीआय २०२४ मध्ये आला तेव्हा जगभर महिनोन्महिने प्रतीक्षायादी होती, आणि आपल्याकडे त्याची किंमत दीड लाखाच्या वर. त्यात एक बरा मिररलेस दोन लेन्सांसकट येतो. परवा मामेभावाला हे सांगितलं. त्याच्याकडे दोन महिन्यांत बाळ येणार आहे. तो म्हणाला, "दादा, रात्री तीन वाजता एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताने कुठला चालू होईल तेवढं सांग." मी त्याला वापरलेल्या जीआरच्या दोन जाहिराती पाठवल्या. शटर किती झालेत आणि सेन्सरवर धूळ आहे का, ते आधी विचार म्हणालो.