‘काय झालं ते सांगा’ : मानसिक प्रथमोपचाराची कुळकथा

भूकंप, आग, स्फोट, अपघात किंवा हल्ल्यातून नुकत्याच वाचलेल्या माणसाला पहिल्या काही तासांत, फार तर काही दिवसांत, जो आधार दिला जातो त्याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात. तो देणारा डॉक्टर असावा लागत नाही आणि तो खऱ्या अर्थाने उपचारही नव्हे. पाणी देणे, पांघरूण देणे, गर्दीतून बाजूला घेणे, हरवलेल्या नातलगाचा ठावठिकाणा काढणे, घाई न करता शेजारी बसणे, एवढाच त्याचा ऐवज. हा साधा ऐवज ठरायला मात्र जवळपास शंभर वर्षे गेली. त्यातला मोठा काळ एकाच प्रश्नाने खाल्ला: वाचलेल्या माणसाला घडलेले लगेच बोलायला लावावे की नाही?

सुरुवात खाणीपासून करता येते. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधील कूरिएरच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे मेली. स्फोटानंतर वीस दिवसांनी तेरा कामगार अंधारातून चालत जिवंत बाहेर आले. एडुआर्ट श्टीर्लिन या स्विस वैद्याने या दुर्घटनेतून वाचलेल्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला आणि १९०८ च्या मेसिना भूकंपानंतरही तेच काम पुढे नेले. तोवर धक्क्यानंतरची मानसिक लक्षणे मुख्यतः रेल्वे अपघातांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत दिसत. माणूस खरेच आजारी आहे की पैशासाठी सोंग करतो, यावर कज्जे चालत. तीव्र भीतीचा धक्का स्वतःच आजाराचे कारण होऊ शकतो, असे मांडणाऱ्या सुरुवातीच्या वैद्यांत श्टीर्लिन होता. मदत कशी करावी, याचा विचार मात्र अजून सुरू व्हायचा होता.

तो पहिल्या महायुद्धाने सुरू केला. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्सने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापील वैद्यकीय भाषेत आणला. हादरलेल्या सैनिकाला दूरच्या रुग्णालयात पाठवले की तो बहुधा परत येत नाही, हे फ्रेंच आणि ब्रिटिश सैन्याच्या लक्षात आले, आणि त्याच्यावर आघाडीजवळच उपचार होऊ लागले. अमेरिकेच्या डॉक्टर थॉमस सॅल्मनने १९१७ मध्ये हे प्रत्यक्ष पाहून आपल्या सैन्यासाठी तीच व्यवस्था उभारली. आघाडीच्या जवळच, लगेच, ‘तू बरा होऊन पलटणीत परतणार आहेस’ अशी अपेक्षा ठेवून झोप, गरम जेवण आणि विश्रांती द्यायची. जवळ, लगेच आणि आशेने या तीन गोष्टी पुढच्या सगळ्या पद्धतींत उतरल्या. हेतू मात्र माणसाला सावरण्यापेक्षा बंदूक पुन्हा हातात देण्याचा होता.

नागरी जीवनात ही विद्या आणली ती एका नाइटक्लबच्या आगीने. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बॉस्टनमधील ‘कोकोनट ग्रोव्ह’मध्ये आग लागली. मुख्य दरवाजा फिरता होता, तो माणसांच्या रेट्याने अडकला. बाजूचे काही दरवाजे बंद होते. ४९२ माणसे गेली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांना भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम मिळाले. भाजण्याच्या जखमा भरत होत्या, तरी माणसे सावरत नव्हती. पत्नीला वाचवता आले नाही या अपराधी भावाने झुरणाऱ्या एका तरुण रुग्णाने रुग्णालयातच जीव दिला.

लिंडमन यांनी या आगीतील आणि इतरत्रच्या मिळून १०१ शोकग्रस्तांचे निरीक्षण करून १९४४ मध्ये शोकाच्या लक्षणांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकणाऱ्या लाटा, आवळलेला गळा, लांब उसासे, पोटात रितेपणा, मृत व्यक्तीच्या प्रतिमेने व्यापलेले मन, अपराधभाव आणि भोवतीच्या माणसांवरची चीड ही त्यांनी नोंदवलेली लक्षणे. हा रोग नव्हे, हे एक काम आहे, असे त्यांनी म्हटले. दुःखातून जाण्याचे ते काम टाळले तर ते पुढे वाकड्या वाटेने बाहेर येते. हे काम पार पाडायला धर्मगुरू आणि समाजसेवकही मदत करू शकतात, हा निबंधाचा सर्वांत दूरगामी भाग. लिंडमन यांच्यासोबत काम केलेल्या जेराल्ड कॅप्लन यांनी १९६० च्या दशकात त्यावर संकटाचा सिद्धान्त उभा केला: नेहमीचे उपाय तोकडे पडले की माणूस काही आठवडे डळमळीत राहतो, आणि या काळात मिळालेला थोडासा आधारही फार दूरवर पोचतो.

‘मानसिक प्रथमोपचार’ हा शब्दप्रयोग मात्र समुद्रावरून आला. १९४५ मध्ये डॅनियल ब्लेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी व्यापारी जहाजांवरच्या खलाशांसाठीचा या नावाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. पुढे अणुबॉम्बच्या धास्तीने तो जमिनीवर आला. १९५४ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने सामूहिक आपत्तींतील मानसिक प्रथमोपचारावर छोटी पुस्तिका काढली. घाबरून पळत सुटणारा, सुन्न बसलेला, नको तेवढी धावपळ करणारा आणि ओकाऱ्या किंवा थरथरीने बेजार झालेला अशी माणसे ओळखून प्रत्येकाशी कसे वागावे, हे तीत सांगितले होते. समोरच्याला त्याला वाटते तसे वाटण्याचा हक्क आहे, आणि मदत करणाऱ्याने स्वतःची मर्यादाही मान्य करावी, ही तिची सूत्रे आजही जुनी वाटत नाहीत. तरीही ती कित्येक दशके बाजूला पडली. कारण याच काळात एक दुसरा, जास्त आकर्षक शब्द मोठा होत होता.

तो शब्द म्हणजे डीब्रीफिंग. वैमानिकाला मोहिमेआधी माहिती दिली जाते ते ब्रीफिंग, परतल्यावर त्याच्याकडून ती काढून घेतली जाते ते डीब्रीफिंग. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील माकिन बेटावर, १९४३ मध्ये, अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी लढून आलेल्या तुकड्यांना एकत्र बसवून घटनाक्रम विचारायला सुरुवात केली. उद्देश इतिहास टिपण्याचा होता. मार्शल यांनी या मुलाखतींतून काढलेल्या निष्कर्षांवर नंतर बरीच शंका घेतली गेली, पण गोल बसून सांगण्याची ती रीत पुढे डीब्रीफिंगच्या पूर्वजांत गणली गेली.

१९८० मध्ये आघातोत्तर ताणविकार हे निदान अमेरिकी मानसरोग वर्गीकरणात दाखल झाले आणि तो टाळता येईल का, हा प्रश्न ऐरणीवर आला. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी डीब्रीफिंगचा एक साचा मांडला. मिचेल हे पूर्वी अग्निशामक आणि पॅरामेडिक होते. आपल्यासारख्याच लोकांसाठी, म्हणजे भीषण प्रसंग हाताळणाऱ्या पथकांसाठी, त्यांनी एकाच बैठकीची पद्धत आखली. साधारण एक ते तीन दिवसांत बैठक घ्यायची. ओळख, काय घडले, काय मनात आले, काय वाटले, कोणती लक्षणे आहेत, ती स्वाभाविक कशी आहेत आणि समारोप, अशा पायऱ्या. पद्धत शिकायला सोपी, संस्थांना सोयीची आणि ‘बोललं की मन हलकं होतं’ या सार्वत्रिक समजुतीला धरून होती. ती झपाट्याने पसरली, आणि पथकांपुरती न राहता बँक दरोड्यातले कारकून, प्रसूत झालेल्या स्त्रिया, भाजलेले रुग्ण अशा कोणालाही लागू केली जाऊ लागली. अनेक ठिकाणी ती सक्तीची झाली.

तपासणी उशिरा झाली, आणि ती डीब्रीफिंगला मानवली नाही. १९९७ मध्ये जोनाथन बिसन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. तेरा महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना ताणविकार होता, न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. डीब्रीफिंगच्या गटात सुरुवातीलाच जास्त भाजलेले लोक होते, हे लेखकांनीच नोंदवले. पण रस्ते अपघातातील जखमींचा तीन वर्षांचा पाठपुरावाही २००० मध्ये त्याच दिशेने गेला: सुरुवातीला फार हादरलेले आणि डीब्रीफिंग झालेले लोक जास्त काळ त्रासात राहिले. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्याने सक्तीचे डीब्रीफिंग थांबवावे, असे स्पष्ट सांगितले. मिचेल यांच्या समर्थकांचा आक्षेप होता की पद्धत पथकांसाठी होती, ती एकट्या जखमी माणसावर वापरून मग तिला नापास करणे न्यायाचे नाही. त्यात तथ्य आहे. पण ती एकट्या माणसांवर वापरली जात होती, हेही तितकेच खरे.

भारतात हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८५ मध्ये, तिथल्या सरकारी डॉक्टरांना मानसिक त्रास ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे आर. श्रीनिवास मूर्ती यांचा त्यात मोठा वाटा होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसर भूकंपाने हादरला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. नवी घरे सरळ रांगांत, लांबलांब उभी राहिली. जुन्या गल्ल्या, आळी आणि वाड्यांची शेजारवस्ती मात्र तशी बसवता आली नाही. मानसिक आधाराची गोष्ट वास्तुरचनेपर्यंत पोचते, हे तिथे दिसले. पुढे १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ, २००१ चा कच्छ भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांतून गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवण्याची पद्धत पक्की होत गेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये या विषयाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली.

जागतिक पातळीवर २००७ हे वळणाचे वर्ष. मानवतावादी संस्थांच्या समितीने एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगविरुद्ध सल्ला दिला. त्याच वर्षी स्टेव्हन हॉबफॉल आणि सहकाऱ्यांनी सुरक्षितता, शांतता, आपण काही करू शकतो ही भावना, माणसांशी जोड आणि आशा हे पाच आधार मांडले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहयोगी संस्थांसह मार्गदर्शिका काढली. तिची सूत्रे तीनच: पाहा, ऐका, जोडा. घटना सांगण्यासाठी दबाव आणू नका, हे तिने स्पष्ट लिहिले. कोणी आपणहून बोलू लागला तर ऐकायचे, गप्प राहिला तर गप्प बसायचे. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरीचा कडू घास आणून द्यायचा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत यापासून फार दूर नाही. तिथेही आधी खायला घालतात, हकीगत मागून येते. या मार्गदर्शिकेचीही परिणामकारकता कठोर चाचण्यांनी सिद्ध झालेली नाही. ती अनुभव आणि इतर संशोधनावरून बेतलेली आहे.

२०१४ च्या इबोलाच्या साथीत या मार्गदर्शिकेची खास आवृत्ती काढावी लागली, कारण हात धरणे, खांद्यावर हात ठेवणे हेच धोक्याचे ठरले. आवाज आणि अंतरावरची उपस्थिती एवढीच साधने उरली. २०२० च्या करोना साथीत हीच अडचण जगभर आली आणि हे काम फोनवर गेले. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही मानसिक आधाराची सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते.