हार्डवेअर घड्याळ : डॉस ते विंडोज एक्सपी काळातील बिघाड व दुरुस्ती

संगणक बंद असतानाही तारीख आणि वेळ मोजत राहणारे, मदरबोर्डवरील सेलवर चालणारे घड्याळ. चालू संगणकात याखेरीज दुसरे एक घड्याळ असते. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना हार्डवेअर घड्याळावरून वेळ वाचून घेते आणि पुढे स्वतःच ठोके मोजते. बहुतेक गोंधळ या दुहेरी कारभारातून होतो. म्हणून वेळ चुकते आहे एवढ्यावरून लगेच सेल बदलू नये. चूक किती आहे, ती संगणक बंद असताना पडते की चालू असताना, हे आधी पाहावे. निम्मे निदान तिथेच होते.

आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीत असे घड्याळ नव्हतेच. डॉस सुरू होताना तारीख आणि वेळ विचारी. नुसते एंटर दाबले तर १ जानेवारी १९८० ही तारीख धरली जाई. जुन्या फ्लॉपींवर खुद्द त्या पीसीच्या जन्माआधीच्या फायली दिसतात त्या यामुळे. १९८४च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप आली. तिच्या ६४ बाइटांपैकी १४ घड्याळासाठी आणि ५० संगणकाच्या मांडणीच्या नोंदीसाठी होते. हार्ड डिस्कचा प्रकारही याच नोंदींत असल्यामुळे सेल संपला की वेळेबरोबर डिस्कही ‘हरवे’. डॉस ३.३ (१९८७) येईपर्यंत डेट आणि टाइम या आज्ञा फक्त चालू घड्याळ बदलत. चिपमधील वेळ बदलायला वेगळा सेटअप प्रोग्रॅम लागे. दुरुस्त केलेली वेळ दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलेली दिसली, तर तो बिघाड नसून त्या डॉसची रीत होती.

चिपचा ताल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालतो. ही संख्या १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. दशलक्षांत २० भागांची चूक असेल तर महिन्याला सुमारे ५२ सेकंदांचा फरक पडतो. तो दोष मानू नये. हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने चालतो, त्याहून गरम किंवा थंड झाला की मंदावतो.

संगणक बंद ठेवल्यावर घड्याळ मागे पडत असेल, किंवा दर वेळी एकाच जुन्या तारखेवर जात असेल, तर दोष सेलचा. पडद्यावर ‘सीएमॉस चेकसम एरर’ असा इशाराही येतो. पेंटियमनंतरच्या बहुतेक मदरबोर्डांवर ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो. बायोसमधील मांडणी आधी लिहून घ्यावी, वीज पूर्ण तोडावी, अधिक चिन्हाची बाजू पाहून नवा सेल बसवावा आणि मांडणी पुन्हा भरावी. ३८६ आणि ४८६ काळातील बोर्डांचे प्रकरण जास्त वाईट. त्यांवर निकेल-कॅडमियमची, चार्ज होणारी बॅटरी थेट डाखलेली असे. ती गळली की अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो, म्हणून घड्याळ चालत असले तरी ती काढून टाकणेच शहाणपणाचे. तिच्या जागी लिथियम सेल लावायचा तर मध्ये डायोड हवाच. नाहीतर बोर्ड त्या सेललाही चार्ज करू पाहतो आणि ते धोक्याचे असते. डॅलस कंपनीच्या डीएस१२८७ चिपमध्ये सेल आतच बंदिस्त असतो. तिथे चिप बदलणे किंवा वरचे इपॉक्सी घासून बाहेरून सेल जोडणे, एवढेच मार्ग.

चूक फक्त संगणक चालू असताना वाढत असेल, तर सेल निर्दोष आहे. डॉस सेकंदाला सुमारे १८.२ ठोके मोजते; एखाद्या प्रोग्रॅमने इंटरप्ट फार वेळ अडवून धरले तर काही ठोके निसटतात. मध्यरात्र उलटल्याची नोंदही अनेक बायोसांत मोजणीची नसून नुसत्या खुणेची असे. संगणक न वापरता दोन मध्यरात्री चालू राहिला, तर डॉसच्या हिशेबातून एक दिवस गळे.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर मदरबोर्ड उघडूच नये. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स असल्याची ही भारतीय खूण. विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. विंडोजने लिहिलेले सकाळचे १० लिनक्सला दुपारचे साडेतीन वाटतात. विंडोजला जागतिक वेळ वाचायला लावणारी रजिस्ट्री-नोंद आहे, पण एक्सपीवर तिचा भरवसा नाही. लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगणे बरे. हे केल्यावरही लिनक्सची वेळ भरकटत असेल, तर ईटीसी फोल्डरमधील अ‍ॅडजटाइम फाइल पाहावी. मोठ्या उडीवरून काढलेला चुकीचा दैनिक फरक तीत राहून गेलेला असतो. ती पुसून वेळ नव्याने लावावी.

एक्सपी इंटरनेटवरून आठवड्यातून एकदा वेळ जुळवते, पण फरक १५ तासांहून जास्त असला तर मूळ मांडणीत ती नकार देते. सेल संपून कित्येक वर्षे मागे गेलेले घड्याळ त्यामुळे आपोआप सुधारत नाही, आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अजून लागू झालेली नाहीत’ म्हणून नाकारली जातात. दोष ब्राउझरच्या माथी मारला जातो. तारीख आधी हाताने बरोबर करावी, मगच वेळ जुळवायला लावावी.