सालवतीला कोणी विचारलं?

जीवकाची गोष्ट आपल्या विहारात दर वर्षावासात मुलांना सांगितली जाते. उकिरड्यावर टाकलेलं बाळ, राजपुत्र अभयाने त्याला उचललं, तक्षशिलेला शिकून ते मोठा वैद्य झालं. पोरांना हे पाठ आहे. पण त्याची आई कोण, हे सांगताना आम्ही मोठी माणसं जरा घाई करतो. ती राजगृहाची गणिका सालवती. पैशाच्या मोबदल्यात होणाऱ्या शरीरसंबंधात बाईच्या संमतीला काय किंमत होती, हे पाहायचं तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

विनयपिटकाच्या महावग्गात हकीकत आहे. राजगृहाचे श्रेष्ठी वैशालीला गेले. तिथे आम्रपाली एका रात्रीचे पन्नास घेते आणि तिच्यामुळे नगरीची शोभा वाढली आहे, हे पाहून आले. बिंबिसाराला म्हणाले, आपल्याकडेही अशी गणिका हवी. राजा म्हणाला, मग शोधा एखादी मुलगी. सालवती नावाची कुमारी सापडली, तिला गणिका म्हणून बसवलं, दर रात्रीचे शंभर. राजाला विचारलं, दर ठरला. सालवतीला विचारल्याची मात्र एक ओळ नाही! पुढे तिला दिवस गेले, तेव्हा तिने द्वारपालाला सांगितलं, कोणी आलं तर मी आजारी आहे म्हण. 'नाही' म्हणायला तिच्याजवळ आजारपणाचंच निमित्त होतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर हा कारभार सरकारीच. त्यावर गणिकाध्यक्ष नावाचा अधिकारी. इच्छा नसलेल्या बाईवर बळजबरी करणाऱ्याला सर्वांत मोठा दंड सांगितला आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याच प्रकरणात लिहिलंय की राजाज्ञा असूनही गणिका पुरुषाकडे गेली नाही तर तिला १००० फटके, नाहीतर ५००० पण दंड. पैसे घेऊन रात्र चुकवली तर आठपट भरायचे. सूट कशाला? आजाराला किंवा पुरुषात दोष असेल तर. पुन्हा आजारपणच! सुटका हवी असेल तर २४,००० पण मोजायचे.

हे दूरचं झालं. आता आपल्या घरात येऊ. मूल जगत नाही म्हणून नवस बोलायचा आणि मुलगी खंडोबाला मुरळी म्हणून सोडायची, ही रीत आपल्याच आजे-पणज्यांच्या काळातली. भंडारा उधळून लहान पोरीचं देवाशी लग्न लागायचं. काही पोरींच्या बाबतीत तर होकार जन्माआधीच दिलेला असे, तोही आईबापांनी. १८६० च्या दंडसंहितेने सोळा वर्षांखालच्या मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं गुन्हा ठरवलं, १९२४ मध्ये ते वय अठरा केलं. तरी मुरळ्या सोडणं चालूच राहिलं.

पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढला आणि मुरळीच्या चालीविरुद्ध लिहायला लागले. तेव्हा शिवूबाई नावाच्या एका मुरळीने स्वतः पत्र लिहून त्यांना आपली दशा कळवली. कांबळ्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केलं. आम्हाला हे पत्र लग्नाहून मोठं वाटतं. ज्या बाईला कोणी काही विचारलं नव्हतं, ती आपणहून बोलली.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत बाबासाहेब बोलले. कामाठीपुऱ्यातल्या बायांना त्यांनी स्पष्ट सांगितलं की या जिण्याने समाजाची मान खाली जाते, हे सोडा, लग्न करून संसार थाटा. पोटाचं काय, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, मार्ग शेकडो आहेत एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर ते शब्द आम्हालाही पहिल्यांदा टोचले. पण त्यांनी निर्णय त्या बायांच्या पुढ्यात ठेवला. हे आधी कोणी केलं होतं?

मुंबई इलाख्यात १९३४ मध्येच देवदासी संरक्षण कायदा झाला होता. सौंदत्ती ज्या कर्नाटकात आहे, तिथल्या १९८२ च्या कायद्यात तर बाईची संमती असो वा नसो, देवाला सोडणं बेकायदा, असं म्हटलं आहे. लहानपणापासून घोटवलेल्या होकाराला कायद्याने होकार मानलं नाही, हे बरंच झालं.

महाराष्ट्रातल्याच एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं की बाईचं चारित्र्य कसंही असो, मनाला येईल तेव्हा तिच्यावर हात टाकायचा हक्क कोणाला नाही. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं, प्रौढ बाई स्वतःच्या संमतीने या व्यवसायात असेल तर पोलिसांनी तिला त्रास देऊ नये. महावग्गात सालवतीला जो प्रश्न विचारलाच गेला नाही, तो निदान आता कोर्टाच्या कागदावर आला.

आपल्या वस्तीतल्या काही घरांत मुरळी झालेल्या पणजीचं नाव कोणी काढत नाही. या अंकासाठी जुन्या आठवणी गोळा करताना दोन घरांत आम्हाला ते जाणवलं. विहाराच्या ग्रंथालयात त्यासाठी एक वही ठेवली आहे. घरच्यांची हरकत नसेल तर नाव लिहावं.