फावल्या वेळाचा व्यापार : साखळी विक्रीची जडणघडण

नोकरी किंवा घर सांभाळून उरलेल्या वेळात ओळखीच्या माणसांना माल विकायचा, त्यांच्यातूनच नवे विक्रेते जोडायचे आणि त्यांच्या उलाढालीवरही कमिशन मिळवायचे, अशी ज्या धंद्याची थोडक्यात मांडणी करता येते, तो महाराष्ट्रात ‘नेटवर्क मार्केटिंग’, ‘एमएलएम’ किंवा बोलीत नुसता ‘चेन’ या नावांनी ओळखला जातो. भारतात तो आर्थिक उदारीकरणाच्या मागोमाग आला असला, तरी त्याचे घटक अमेरिकेत त्याआधीच्या शतकभरात एकेक करून घडत गेले होते. या घडणीचा मागोवा घेताना विकल्या गेलेल्या मालाइतकेच तो विकणाऱ्या माणसाच्या कायदेशीर स्थानाकडे लक्ष द्यावे लागते. कारण हा विक्रेता कंपनीचा नोकर कधी मानला गेला नाही आणि भाव, माल व पद्धत कंपनीच ठरवत असल्याने त्याला पुरता स्वतंत्र व्यापारी म्हणणेही कठीण होते.

डेव्हिड मॅकॉनेल हा दारोदार पुस्तके विकणारा विक्रेता होता. पुस्तकांसोबत फुकट दिल्या जाणाऱ्या अत्तराच्या नमुन्यांना गृहिणींकडून अधिक मागणी आहे, हे ओळखून त्याने १८८६ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी’ स्थापन केली. हीच पुढे ‘एव्हॉन’ झाली. न्यू हॅम्पशायरमधील पर्सिस आल्बी या त्याच्या पहिल्या प्रतिनिधी होत्या आणि माल विकण्याबरोबरच गावोगावी नव्या स्त्री-प्रतिनिधी नेमण्याचे कामही त्यांच्याकडे होते. अमेरिकेत स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळण्यास तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ उरला होता. अशा वेळी घराबाहेर नोकरी न धरता, शेजारपाजाऱ्यांमध्ये वावरून चार पैसे मिळवण्याची वाट या पद्धतीने खुली केली, आणि अर्धवेळ विक्रीचे आकर्षण स्त्रियांमध्ये दीर्घकाळ टिकण्याचे एक कारण या आरंभात सापडते.

१९०६ मध्ये सुरू झालेल्या ‘फुलर ब्रश’ कंपनीच्या पुरुष विक्रेत्यांनी दारोदार विक्रीला देशव्यापी रूप दिले. तथापि १९३०च्या दशकात या पद्धतीवर दोन बाजूंनी ताण आला. वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर हे रेल्वे कामगारांचे गाव होते, आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या कामगारांची झोप विक्रेत्यांमुळे मोडते, या तक्रारीवरून तेथील नगर प्रशासनाने १९३१ मध्ये बोलावल्याशिवाय घरी येणाऱ्या विक्रेत्यांना मज्जाव करणारा नियम केला. फुलर ब्रश कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली, त्यानंतर अनेक गावांनी तसेच नियम केले. दुसरीकडे १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने नोकरांच्या पगारावर मालकाला कर भरावा लागू लागल्याने विक्रेत्याला नोकराऐवजी ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ठेवणे, म्हणजे कामाचा मोबदला द्यायचा पण मालकपणाची जबाबदारी घ्यायची नाही, हे कंपन्यांना अधिक सोयीचे ठरले. अनोळखी दार बंद झाल्यावर ओळखीचे दार उरले, आणि ते उघडू शकणारा माणूस पगारी असण्याची गरज राहिली नाही.

ओळखीच्या दाराची ही पद्धत ‘पार्टी प्लॅन’ या नावाने स्थिरावली. एका गृहिणीने आपल्या घरी मैत्रिणींना बोलवायचे, विक्रेत्याने तेथे वस्तूंचे प्रात्यक्षिक दाखवायचे आणि यजमानीणबाईंना भेटवस्तू द्यायची, असा तिचा परिपाठ असे. फुलर ब्रशमधूनच बाहेर पडलेल्या फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज यांच्या ‘स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स’ने (स्थापना १९३१) ती रूढ केली, तर स्टॅन्लीचा माल विकूनच या व्यवसायात आलेल्या ब्राउनी वाइज यांनी अर्ल टपर यांच्या प्लास्टिकच्या डब्यांसाठी ती कळसाला नेली. दुकानांत पडून राहणारे हे हवाबंद डबे दिवाणखान्यात झाकण दाबून दाखवताच खपू लागल्याने १९५१ मध्ये टपर यांनी माल दुकानांतून काढून घेतला आणि वाइज यांच्याकडे विक्रीची सूत्रे दिली. ज्या स्त्रीने हजारो स्त्रियांना या कामात आणले, तिलाच १९५८ मध्ये कंपनीतून काढून टाकण्यात आले, ही बाब या व्यवसायातील स्थैर्याच्या चर्चेत उल्लेखनीय ठरते.

तिसरा आणि निर्णायक घटक आला तो जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबरोबर. कार्ल रेनबोर्ग यांच्या ‘न्यूट्रिलाइट’ या पूरक आहाराच्या विक्रीसाठी मायटिंगर आणि कॅसलबेरी या जोडीने १९४५ मध्ये अशी योजना आखली की, वितरकाला स्वतःच्या विक्रीखेरीज त्याने जोडलेल्या वितरकांच्या खरेदीवरही बोनस मिळावा. याच योजनेत तयार झालेले रिचर्ड डिव्होस आणि जे व्हॅन अँडेल यांनी १९५९ मध्ये मिशिगन राज्यातील एडा येथे ‘ॲमवे’ची स्थापना केली. वर जोडणारा तो ‘अपलाइन’ आणि त्याच्या खाली जोडले गेलेले ते ‘डाउनलाइन’, ही परिभाषा आज मराठी बोलण्यातही रुळली आहे.

ॲमवेच्या सभांमध्ये फळ्यावर वर्तुळे काढून समजावला जाणारा ‘सहा-चार-दोन’ हा नमुना या धंद्याचे गणित नेमके दाखवतो. एका वितरकाने सहा जण जोडायचे, त्या सहांनी प्रत्येकी चार आणि त्या चोविसांनी प्रत्येकी दोन. म्हणजे मूळ वितरक धरून ७९ जण होतात. प्रत्येकाने महिन्याला शंभर पॉइंटांचा माल उचलला, तर गटाची उलाढाल ७,९०० पॉइंटांची होते आणि ७,५०० पॉइंटांपासून लागू होणारा २५ टक्क्यांचा सर्वोच्च बोनसदर वरच्या माणसाला मिळतो. खालच्यांना द्यावयाचा वाटा वजा करून उरलेला फरक ही त्याची कमाई. मात्र चित्र असे पूर्ण झाले तरी त्यातील ४८ जणांच्या खाली कोणीच नसते आणि त्यांना शंभर पॉइंटांवरचा तीन टक्के बोनस तेवढा मिळतो. या ४८ जणांनी वर चढायचे, तर त्यांना आणखी शेकडो माणसे लागतात. फावल्या वेळात थोडी विक्री करणारा वितरक त्यामुळे अपवाद न राहता या रचनेचा पाया ठरतो.

माल आणि माणसे यांपैकी उत्पन्न नेमके कशातून येते, हा प्रश्न १९७०च्या दशकात कायद्यासमोर आला. ‘पिरॅमिड योजना’ म्हणजे ज्यात सहभागी होण्यासाठी पैसे भरावे लागतात आणि परतावा अंतिम ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसलेल्या भरतीतून मिळतो ती योजना, अशी कसोटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये ‘कॉसकॉट’ या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या प्रकरणात घालून दिली. १९७९ मध्ये याच आयोगाने ॲमवे ही पिरॅमिड योजना नसल्याचा निर्वाळा दिला. त्यामागे न खपलेला माल परत घेणे, उचललेल्या मालापैकी किमान ७० टक्के विकणे आणि महिन्याला दहा किरकोळ ग्राहकांना विक्री करणे, या कंपनीच्या तीन नियमांचा आधार होता. मात्र भाव बांधून देणे आणि उत्पन्नाचे फुगवलेले दावे करणे याबद्दल आयोगाने कंपनीला दोषी धरले. १९८२ च्या अमेरिकी करकायद्याने अशा विक्रेत्यांना संघीय करांच्या दृष्टीने नोकर न मानण्याची तरतूद केली, आणि १९३०च्या दशकात सोय म्हणून स्वीकारलेली स्थिती कायद्याने पक्की झाली.

भारतात घटनांचा क्रम उलटा होता. येथे बंदीचा कायदा आधी आला आणि धंदा नंतर. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या शिफारशींनंतर १९७८ मध्ये बक्षीस चिठ्ठ्या व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा झाला, आणि सभासद-नोंदणीवर अवलंबून असलेला झटपट वा सहज पैसा त्याच्या कक्षेत आला. मुंबईच्या ‘युरेका फोर्ब्स’ने १९८०च्या दशकात घरोघरी व्हॅक्यूम क्लीनर दाखवून मध्यमवर्गाला दारावरच्या विक्रीची सवय लावली होती, तथापि विक्रेत्यांची साखळी आली ती १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ओरिफ्लेम, मोदीकेअर आणि १९९८ मध्ये प्रत्यक्ष व्यवसाय सुरू केलेल्या ॲमवेबरोबर.

महाराष्ट्रात ओळखीवर चालणारा आर्थिक व्यवहार नवा नव्हता. भिशीत ठरावीक माणसे दरमहा ठरावीक रक्कम काढतात आणि प्रत्येकाची पाळी येते. वर्तुळ बंद असल्याने शेवटच्यालाही आपले पैसे मिळतात. साखळी विक्रीने तेच नातेवाईक, सहकारी आणि सोसायटीतले शेजारी यांची ‘लिस्ट’ काढायला लावली, परंतु तिचे वर्तुळ सतत वाढत राहणे आवश्यक असल्याने शेवटच्या माणसाची पाळी येण्याची हमी तिच्यात नाही. मालच नसलेल्या योजनांत हा दोष उघडा पडला. ११,००० रुपये भरून घरबसल्या इंटरनेटवरील सर्वेक्षणे भरायची आणि नवे सभासद आणायचे, अशा ‘स्पीक एशिया’ योजनेचा तपास २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला, तेव्हा विक्रीयोग्य वस्तूच नसलेल्या उत्पन्नाचे स्वरूप चर्चेत आले.

वस्तू विकणाऱ्या कंपन्याही वादातून सुटल्या नाहीत. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ॲमवेची योजना १९७८च्या कायद्याच्या कक्षेत येत असल्याचे मत नोंदवले आणि २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी कंपनीच्या भारतातील प्रमुखाला अटक केली. वैध व्यवसाय आणि पिरॅमिड यांतील सीमारेषा स्पष्ट करावी, या उद्योगाच्या मागणीनंतर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे बंधनकारक नियम लागू केले. त्यांनी पिरॅमिड योजना आणि पैसा फिरवण्याच्या योजना चालवण्यास थेट विक्री कंपन्यांना मनाई केली.

हे नियम ग्राहक कायद्याखाली यावेत, कामगार कायद्याखाली नव्हेत, यात या व्यवसायाच्या संपूर्ण वाटचालीचा निष्कर्ष दडलेला आहे. सदोष माल घेणाऱ्याला आता दाद मागता येते, आणि न खपलेला माल परत करण्याची सोयही विक्रेत्याला मिळाली. परंतु सभांना जाण्याचा खर्च, बोनसचा टप्पा गाठण्यासाठी स्वतःच उचललेला माल आणि लिस्टमधल्या माणसांमागे घातलेल्या संध्याकाळी यांची किंमत अजूनही त्याच्या खात्यावरच पडते. किमान वेतनाचा प्रश्न येथे उद्भवत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने येथे वेतन देणाराच नाही. म्हणून अशा योजनेची पारख करताना बोनसच्या तक्त्याऐवजी साखळीबाहेरच्या ग्राहकाला किती माल गेला आणि त्यासाठी लागलेला वेळ व खर्च वजा जाता हाती काय उरले, हे दोन आकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. पहिल्या आकड्याची विचारणा १९७५पासून कायदा करत आला आहे, दुसऱ्याचा हिशेब ठेवण्याचे काम मात्र आजही विक्रेत्यावरच सोडलेले आहे.