रुमालात बांधलेले राज्य

आमचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. इथे इतिहास म्हटला की अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आणलेला आश्रम आठवतो; पेशवाई आपली तिकडे, शहरात. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेतून मोडी कागदांचे गाठोडे निघाले, तेव्हा सूनबाईंनी ते सरळ रद्दीच्या ढिगावर ठेवले. मी ते उचलले, ते खरे सांगायचे तर बांधलेल्या फडक्याकडे पाहून. तसलीच फडकी मी पेशवे दफ्तरात पाहिली होती.

कौन्सिल हॉलजवळच्या त्या दफ्तरात कागद असे कापडात बांधून ठेवतात. त्या गाठोड्याला म्हणतात रुमाल, आणि असे रुमाल तेथे तीस हजारांहून अधिक! १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. त्यांनी ते जपले, पण इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाला कोणते गाव इनाम, कोणत्या देवस्थानाला किती नेमणूक, हे ताडून पाहायला जुने कागदच हवे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले. दावा शाबीत झाला नाही की इनाम खालसा. ज्या कागदांनी कित्येक घरांच्या जमिनी घालवल्या, त्यांच्याच आधाराने आपण आज पेशवाईबद्दल बोलतो.

अभ्यासकांना मात्र हे दार फार काळ बंदच होते. राजवाडे गावोगावचे वाडे धुंडाळत हिंडले, १८९८ साली त्यांनी साधनांचा पहिला खंड काढला, तो खासगी घरांतल्या कागदांवर. पुढे रियासतकार सरदेसायांनी दफ्तरातून वेचे काढून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले. समुद्रातली ओंजळ ती! उरलेल्यात बहुतेक हिशेब: पागेचा दाणा, रमण्याची दक्षिणा, गावचा वसूल. ते वाचणार कोण? मोडी तर शाळेतून केव्हाच गेली.

आमचे गाठोडे मी मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे नेले. ‘इसन्ने समानीन मया व अलफ,’ त्यांनी पहिल्याच कागदावरचे साल वाचले. अरबी आकडे ते. सुहूर सन ११८२, म्हणजे इसवी १७८१-८२. नाना फडणिसांचा अंमल! कोणा पूर्वजाने कर्ज फेडून गहाण जमीन सोडवल्याचा तो कागद होता.

घरी येऊन सांगितले, तशी सूनबाईंचे डोळे चमकले. “मामंजी, जमीन कुठली?”

गावाचे नाव होते तेवढाच कोपरा वाळवीने खाल्ला होता.